हिरवं नाक आणि खरी नथ

माझं नाक ही आमच्या घरातली सामायिक मालमत्ता होती. डोळे माझे, कान माझे, जीभ तर जरा जास्तच माझी, हे सगळ्यांना मान्य होतं. पण नाकाचा विषय निघाला की गावाकडच्या काकांपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकाचा त्यात वाटा असे. मी अंगावर पीत होते तेव्हा धुळ्याकडच्या आमच्या गावात ते एकदा टोचलं होतं. ते पिकलं, फुगलं आणि छिद्र बुजून गेलं. मला त्यातलं काहीच आठवत नाही. डाव्या नाकपुडीवर मोहरीएवढा एक टणक ठिपका तेवढा उरला, आणि घराण्याचा निकाल लागला, की या पोरीच्या नाकाला सोनं मानवत नाही. पुढे आम्ही सुरतेला आलो, पांडेसऱ्यात खोली घेतली, तर हा निकाल आमच्या आधीच तिथे येऊन बसलेला. गल्लीतले निम्मे लोक आमच्याच भागातले, बातमीला वेगळं तिकीट लागत नव्हतं. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचं, "कोरंच का वं नाक अजून?" म्हणायचं, आणि दुसरी हसत जोडून द्यायची, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!" आता माझं नाक चांगलं लांब, सरळ, धारदार. ज्यांनी मला पाहिलंय ते साक्ष देतील. नकटी मी कधीच नव्हते.

हसू माझ्या वाट्याला येई आणि बोल मायच्या. आईला आम्ही माय म्हणत असू. "पहिलटकरीण होती, पोरीचं नाक सांभाळता आलं नाही," हे वाक्य तिच्या सासरी इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की तिला ते पाठ होतं. तिच्या आईकडून आलेली मोत्यांची नथ पत्र्याच्या पेटीत, तांबड्या फडक्यात गुंडाळलेली असायची. माय ती दिवाळीला काढायची, फुंकर घालायची, माझ्याकडे न बघता परत ठेवायची. एवढ्या बडबड्या बाईचं ते न बघणं मला फार ऐकू येई.

आमची खोली म्हणजे एका लांब चाळीतली चौथी खोली, आणि चाळीच्या पाठीला रंगाईच्या गिरण्या. दिवसरात्र वाफेचे फुसकारे, पाळी बदलताना भोंगा, आणि दाराबाहेर पोळपाटाइतकाच सतत कामात असलेला एक उघडा नाला. त्या नाल्याला पाण्याचा रंग नसे. गिरणीत आज जे रंगत असेल तो त्याचा रंग. सकाळी शाळेत जाताना आम्ही पोरं पैज लावत असू, आज कुठला? लाल निघाला तर लग्नसराईचा माल, खाकी निघाला तर शाळांचे गणवेश. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, त्यातल्याच एका गिरणीत रंगाच्या यंत्रावर कामाला होते. हुद्दा यंत्र चालवणाऱ्याचा, बोलणं मात्र थेट मालकाच्या व्याह्याचं. "मन्हा रंग उतरस नही," हे त्यांचं आवडतं वाक्य. रस्त्यात एखाद्या बाईची साडी दिसली की थांबून, मान तिरकी करून म्हणत, "हा आपला." मायला त्या बायका कोण हे आधी कळायचं नाही आणि मग घरी मोठा प्रसंग व्हायचा.

त्या वर्षी कानबाईच्या मानाची पाळी माझ्यावर आली. आमच्या गल्लीत श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला डोळे, वेणी, नथ, भरजरी साज. रविवारी स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी मिरवणुकीने तापीवर. गावी देवीला जिच्यात पोचवायचो तीच तापी इथे सुरतेला येते, म्हणून देवीला परकं वाटत नाही, असं गजराआक्का म्हणायच्या. गजराआक्का म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या, कानबाईच्या गाण्यांच्या आणि सगळ्यांच्या लेकीबाळींच्या मुखत्यार. त्यांनी रिवाज पाडला होता की देवीच्या पुढे आरतीचं ताट घेऊन एक कुंवार मुलगी चालेल, लुगडं नेसून, नाकात नथ घालून. मान एकीला एकदाच मिळे. आणि नथ खरी, भोकातली. दाबाच्या नथीला त्या हातसुद्धा लावत नसत. "देवीना समोर खोटी नथ चालस का?" नाक कोरं असेल तर मान पुढच्या घरी. मी नववीत जाणार होते. पुढच्या श्रावणात माझ्यामागच्या मुली पुढे यायच्या होत्या. म्हणजे हे वर्ष गेलं तर गेलंच.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बाहेर मुली झोक्यावर गाणी म्हणत असताना, माय मला हाताला धरून आक्कांच्या खोलीत घेऊन गेली. "परत टोचा," ती म्हणाली. आक्कांनी माझ्या नाकावरचा टणक ठिपका बोटाने चाचपला. "आन परत पिकनं त?" "पिकणार नाही," माय म्हणाली. "या खेपेला मी आहे." मागच्या खेपेलाही तीच होती, पण ते म्हणायची हिंमत आक्कांनाही झाली नाही.

आता अडलं दोऱ्यावर. आक्का सुई तापवून, नाकाच्या आत बटाट्याची फोड धरून टोचायच्या आणि त्यातून सुती दोरा ओवून ठेवायच्या. छिद्र बरं झालं की दोरा काढून कडुलिंबाची काडी, मग तार, मग नथ. पण आबा दारात उभे होते आणि कपड्यासंबंधी कुणी काही बोललं की त्यांना राहवत नसे. "सुती कशाला? सूत पाणी पितं. पाणी धरलं की घाण धरणार. मागे तेच झालं असेल. पॉलिस्टर पाणी पीत नाही." आणि त्यांनी खिशातून, आधीच ठरवून आणल्यासारखी, निळ्या कापडाची एक चिंधी काढली. सकाळीच यंत्रातून निघालेला माल, आबांच्या हातचा निळा. त्यांनी तिच्यातून दोन-तीन धागे ओढून काढले, पिळले आणि आक्कांपुढे असे धरले, जणू मोत्याचा सर. आक्कांनी नाक मुरडलं, पण माय म्हणाली, "बरोबर बोलताहेत. मी तो उकळून घेते." उकळलाही तिने. पाण्याला रंग आला नाही. आबा नाल्याच्या काठाकाठाने मिशीवर ताव देत कामाला गेले.

"डोया मिटी ले पोरी. हालू नको," आक्का म्हणाल्या. नाकातून शिंकेसारखी एक वीज गेली, आणि बाहेर झोक्यावरच्या मुलींना माझी किंकाळी गाण्याच्या मध्येच ऐकू आली. त्यांनी तिला धरूनच पुढचं कडवं म्हटलं.

त्यानंतर आमच्या खोलीत मायचं राज्य सुरू झालं. स्टीलचं एक पातेलं फक्त माझ्या नाकाचं ठरलं. रोज सकाळी त्यात पाणी उकळायचं, मीठ टाकायचं, कोमट झालं की उकळलेल्या पांढऱ्या फडक्याने नाक आतून-बाहेरून शेकायचं. एकदा आबांनी त्या पातेल्यात चहा केला तर तो चहा त्यांच्यासकट अंगणात गेला. केस मागे घट्ट बांधायचे. उजव्या कुशीवर झोपायचं. बोट लावायचं नाही, खपली तर अजिबात काढायची नाही, खाजलं तर देवाचं नाव घ्यायचं. शिंक आली की हात वर करून मायला सांगायचं, ती येऊन बाजूला उभी राही आणि मग शिंकायची परवानगी. शेजारच्या कांतामासी गुजराती, त्यांनी दारात उभ्या उभ्या दम भरून ठेवला, "हाथ नहि अडाडवानो, दीकरी!" आणि खमणाची ताटली मायच्या हातात दिली, चटणी माझ्यासमोर बाजूला काढून. कारण खाण्याचाही बंदोबस्त होता. चिंच बंद, ताक बंद, ठेचा बंद, भाताने पू होतो म्हणून भात बंद. आणि हे सगळं आंब्याच्या दिवसांत! घरात आमरसाचं पातेलं, धाकटे भाऊ कोपरापर्यंत पिवळे, आणि मी बाजरीच्या भाकरीशी बिनमिठाचं वरण खातेय. आंबा उष्ण, नाक पिकेल. मी पुष्कळ नाटकं केली. उंबऱ्यावर आडवी पडून शेवटचे श्वास घेतले. मायने पाय उचलून मला ओलांडलं आणि पाणी भरायला गेली.

माझ्या लेकीने परवा दंडावर मोर गोंदवून आणला. दुकानातल्या पोराने तिला बजावलंय, म्हणे, हलक्या हाताने धुवायचा, खाजवायचं नाही, खपली आपोआप पडू द्यायची, उन्हात न्यायचा नाही. आणि नाक टोचलेल्यांना काय सांगता, असं मी मुद्दाम विचारून घेतलं, तर मिठाचं पाणी, बोट लावायचं नाही, आणि बाकी काही चोपडायचं नाही. आमच्या वेळी हे एवढंच केलं असतं तर हे प्रकरण लिहायला विषय राहिला नसता. असो. तिचा हात दंडाकडे गेला की मी स्वयंपाकघरातून ओरडते. मायचा आवाज माझ्या गळ्यातून कसा बरोबर निघतो, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

तर मिठाच्या पाण्यावर नाक छान चाललं होतं. सूज उतरली, दोरा सुटा झाला, निळा तो निळाच. माय तर अंगणात मला मुद्दाम उजेडाकडे तोंड करून बसवू लागली. मग एके दिवशी आक्का बघायला आल्या. दोऱ्याला जरा कोरडी खपली होती. "तेल-हळद लाव थोडी, मऊ पडी," त्या म्हणाल्या. वडीलधारी बाई, आणि टोचणारीही तीच. मायने खोबरेल तेलात हळद कालवली आणि रात्री दोऱ्यावर, नाकपुडीवर भरपूर थापली.

सकाळी मी उठले. माय चूल सोडून माझ्याकडे आली, शेकायला फडकं उचललं, आणि ते तिच्या हातातून पडलं. नाकपुडीवर, दोऱ्याभोवती, रुपयाएवढा हिरवा डाग. पालकाच्या भाजीसारखा हिरवा. तिने तो पाण्याने पुसला, तो गेला नाही. जोरात पुसायची तिची छाती झाली नाही. कांतामासी आल्या, त्यांनी तोंडावर हात ठेवला, "हाय हाय, लीलुं थई गयुं!" लीलुं म्हणजे हिरवं. आक्का आल्या, त्यांनी चष्मा चढवला, उतरवला. "सडी गयं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. खोलीत एवढ्या बायका जमल्या की मला आरशापर्यंत पोचता येईना.

"पन माले दुखत नही ना, आक्का!" मी ओरडले.

"सडेल नाक कसाले दुखी?" आक्का म्हणाल्या, आणि या तर्कापुढे सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

निर्णय झाला. दोरा कापून काढायचा, जखम धुवायची, भोक बुजू द्यायचं. या नाकाला पुन्हा कधी हात लावायचा नाही. मान पुढच्या घरी. आक्का कात्री आणायला आपल्या खोलीत गेल्या. मी मायकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती पत्र्याच्या पेटीवर बसली होती, नथ ठेवलेल्या पेटीवर, आणि कुणी काही बोलायच्या आधीच आपण होऊन म्हणाली, "माझ्याच हाताला गुण नाही." बायकांपैकी एकीनेही 'तसं नाही' म्हटलं नाही. ते मात्र मला सहन झालं नाही, आणि मी बायकांच्या कमरेखालून वाट काढत बाहेर पळाले.

पळून जाणार कुठे? नाल्यापर्यंत. नाल्यावर एक छोटी पुलावजा फरशी टाकलेली होती, मी तिच्यावर जाऊन बसले, पाय खाली सोडून, आपल्या दुर्दैवावर नीट रडावं म्हणून. रडण्याआधी सवयीने रंग पाहिला. आबांच्या गिरणीकडून निळं पाणी येत होतं, झकास, माझ्या दोऱ्यासारखं निळं. समोरच्या गिरणीच्या नळातून त्या दिवशी पिवळं. दोन्ही माझ्या पायाखाली एकमेकांत शिरत होती, आणि फरशीच्या पलीकडे जो नाला निघत होता तो हिरवागार होता. पालकासारखा.

मी त्या हिरव्याकडे बघत राहिले. मग दोऱ्याकडे, डोळे तिरळे करून. मग मला हळद आठवली.

मी जी धावले ती ओरडतच. "थांबा! कापू नका! सडलं नाही! रंग आहे, रंग!" आक्का कात्री घेऊन उंबऱ्यात, मी त्यांच्या आणि दाराच्या मध्ये दोन्ही हात पसरून. एवढा मोठा प्रवेश मला पुढे आयुष्यात कधी मिळाला नाही. बायकांना वाटलं पोरीच्या डोक्यात गेलं. "आबाला उठवा," मी म्हणाले. आबा रात्रपाळी करून मागच्या पडवीत झोपले होते, एवढ्या गलक्यात घोरत. भोंग्याशिवाय ते कशानेच उठत नसत. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "आबा, तुमचा रंग उतरला."

ते ताडकन उठून बसले.

मी सगळं सांगितलं, निळा, पिवळा, हिरवा. आबांनी खुंटीवरचा पांढरा पंचा घेतला, त्याचं टोक खोबरेलात बुडवलं, गिरणीत नमुना तपासतात तशा गंभीर चेहऱ्याने माझ्यासमोर उकिडवे बसले आणि दोऱ्याचं बाहेर लोंबणारं टोक पंच्यात धरून हळूच चोळलं. पंच्यावर निळी रेघ उठली. त्यांनी बोट हळदीत बुडवून त्या रेघेवर फिरवलं. रेघ हिरवी झाली. मग पंच्याचं दुसरं कोरं टोक तेलात भिजवून त्यांनी माझी नाकपुडी पुसली, एकदा, दोनदा, आणि हिरवा डाग पंच्यावर उतरून आला. खाली नाक. गव्हाळ, साफ, कोरडं, जसं काल होतं तसं.

"रंग मन्हाच शे," आबा शेवटी म्हणाले. मान खाली. "कापडाचा ताका धुवायचा राहिला होता. यंत्रातून निघाल्यावर एकदा धुलाई होते, वरवरचा रंग निघतो. मी आधीच चिंधी कापून आणली. पाण्याला तो दाद देत नाही... तेलात सुटतो." त्यांनी पंच्याकडे पाहिलं. "पण धुलाई झाली असती, तर नसता उतरला."

एवढ्या अवस्थेतही त्यांना ते शेवटचं वाक्य आवरलं नाही, आणि त्यानेच मायचा बांध फुटला. ती पेटीवरून उठली. "सारी सुरतना लुगडा रंगाडात, आते पोरनं नाकबी?" म्हणाली आणि हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर सोडून, मग पोट धरून. कांतामासींनी तिला पाठीवर थोपटलं आणि त्याही हसू लागल्या. आक्का कात्री कमरेला खोचून खाली बसल्या. त्यांनी माझं नाक उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मायनं नाक चांगलं सांभाळं वं. एक थेंब पू नही." त्या दिवसापासून तेल-हळद बंद. आक्कांनी निळा दोरा सोडवून काडी घातली, माय पुन्हा आपल्या पातेल्याकडे वळली, आणि चाळीत आबांना काही काळ कुणी रंगाबद्दल विचारलं नाही. विचारायचं ते फक्त माझ्या नाकाकडे बघून हसत.

श्रावणात कानबाई बसली. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, पुरणपोळ्या, खीर; मी भातासकट सगळं खाल्लं, चिंचेची आमटी वाटी वाटी प्याले. सोमवारी मायने मला हिरवं लुगडं नेसवलं. रंग तिने मुद्दाम निवडला होता, आबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग तिने पेटी उघडली. नथ गरम पाण्यात धुतली, तारेला साजूक तुपाचं बोट लावलं, आणि माझ्या नाकात घातली. मोत्यांचं वजन ओठावर आलं. माय दोन पावलं मागे सरकली आणि या खेपेला माझ्याकडे बघत राहिली.

डफ वाजू लागले. आक्का डोक्यावर देवी घेऊन, पुढे मी ताट घेऊन, मागे गाणाऱ्या बायका, कडेला फुगड्या. तापीवर नेणारे टेंपो उभे होते तिथवर गल्लीगल्लीने जायचं होतं. वळणावर सुरतेतल्याच गोडादऱ्याकडच्या बायका भेटल्या. आमच्याच भागातल्या, त्यांचीही कानबाई निघालेली. बातमी तिथेही पोचली होतीच. एक धिप्पाड मावशी सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "हिरव्या नाकवाली तूच ना वं? दाबनी दिखस माले ही नथ." आणि आक्का "अगं थांब" म्हणेपर्यंत तिने दोन बोटांत नथ धरून ओढली.

नथ आली नाही. नाक तेवढं तिच्याबरोबर पुढे गेलं, आणि मीही त्याच्यामागून. डोळ्यांत खळ्ळकन पाणी आलं, ताटातली निरांजनं हलली, डफ थांबले. मावशीने बोटं सोडली आणि आपल्याच बोटांकडे बघितलं. मागे माय उभी होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी ताट सावरलं, नाक वर केलं, जेवढं वर जाईल तेवढं, आणि त्या गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"वढा ना मावशी, आजून वढा."